ताऱ्याचा जमाखर्च

अक्कलकोटला पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याची एक फजिती ठरलेली असते. तिकिटावरचे नाव वाचून तो मोठ्या विश्वासाने 'अक्कलकोट रोड'ला उतरतो, पिशवी खांद्याला लावतो, आणि स्टेशनाबाहेर येऊन पाहतो तो गावाचा मागमूसही नाही! चौकशी केल्यावर कळते, की हा नुसता 'रोड' आहे. अक्कलकोट अजून दहा-अकरा किलोमीटर पुढे आहे. बरे, गावात पोचला म्हणून काम संपते असेही नाही. गल्ली कोणती, बोळ कोणता, बिऱ्हाड वरचे की खालचे, एवढे सगळे कळावे तेव्हा कुठे ज्याच्याकडे जायचे तो गृहस्थ भेटतो. आणि स्वारी नेमकी पौर्णिमेच्या गर्दीत आली असेल, तर विचारूच नका!

माणसाच्या पत्त्याची ही कथा, तर ताऱ्याच्या पत्त्याची काय असेल? आज मी वाचकांना अशाच एका पत्ताशोधाची हकीकत सांगणार आहे. हा शोध एका विचित्र ताऱ्याचा आहे. आता 'विचित्र' हे विशेषण मी पदरचे लावलेले नाही बरे का; ज्योतिषशास्त्रज्ञांनीच १९९५ च्या सुमारास या जातीच्या ताऱ्यांना 'विचित्र क्ष-किरण स्पंदक' असे म्हणायला सुरुवात केली.

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील एका तळावरून अमेरिकेचा एक उपग्रह उडाला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून उपग्रहाचे नाव पडले 'उहुरू', म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. आकाशातून येणारे क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येऊ शकत नाहीत. ते टिपायचे तर हवेच्या वर जावे लागते. उहुरूने सारे आकाश धुंडाळून क्ष-किरणांच्या उगमांची यादी केली, आणि त्या यादीच्या चौथ्या आवृत्तीत शर्मिष्ठा या तारकासमूहातली एक नोंद होती: '४यू ०१४२+६१'. हे नाव नव्हे, हा पत्ता आहे. '४यू' म्हणजे उहुरूची चौथी यादी, आणि पुढचे आकडे म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश.

पण हा पत्ता होता 'अक्कलकोट रोड'सारखा! त्या ठिकाणापर्यंत जाऊन उतरता येत होते. घर सापडत नव्हते. आणि पत्ता ढोबळ असला म्हणजे काय घोटाळे होतात, ते लवकरच दिसून आले. 'एक्सोसॅट' या युरोपीय उपग्रहाने १९८४ मध्ये या भागाचे निरीक्षण केले होते. त्यावरून १९८७ साली असे जाहीर झाले, की या ताऱ्याची नाडी सुमारे पंचवीस मिनिटांची आहे. म्हणजे त्याचा उजेड दर पंचवीस मिनिटांनी कमी-अधिक होतो. काही वर्षांनी बारकाईने पाहणी केली तेव्हा उघडकीस आले, की ती नाडी आपल्या ताऱ्याची नव्हेच. जवळच दुसरा एक क्ष-किरण तारा होता, त्याची ती नाडी! वैद्याने हात धरावा शेजाऱ्याचा आणि औषध द्यावे रोग्याला, तसला प्रकार. मग इटलीच्या शास्त्रज्ञांनी एक्सोसॅटचीच जुनी नोंद पुन्हा चाळली, आणि १९९४ मध्ये खरी नाडी हाती लागली. ती होती अवघ्या ८.६९ सेकंदांची.

आता नाडी कळली. पण नाडी कळली म्हणून माणूस कळत नाही. तो करतो काय, खातो काय, हे कुठे ठाऊक होते? आणि खरे कोडे त्या खाण्याचेच होते.

हे कोडे आमच्या कट्ट्यावर कसे आले, ते सांगतो. आमचे शेजारी अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे अजूनही घरात किराण्याची यादी आली की आधी बेरीज करून पाहतात. त्यांची नात सोलापूरला बी.एस्सी. झाली. आता पुण्याला जाऊन पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करायचे म्हणते, पुढे आकाशाचाच अभ्यास करायचा म्हणते. घरच्यांचा कल बँकेच्या परीक्षेकडे. अण्णांचा तर ठामच. "अहो मास्तर, ताऱ्यांनी कोणाचे पोट भरले आहे?" असे ते मला दर दोन दिवसांनी विचारतात. मास्तर म्हणजे मी; शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असलेच पाहिजे, असा त्यांचा समज.

एके दिवशी त्या पोरीने आजोबांची जुनी वही आणली, मागचे कोरे पान उघडले, आणि मधोमध रेघ मारून एकीकडे 'जमा' आणि दुसरीकडे 'नावे' लिहिले.

"आजोबा, हा एका ताऱ्याचा हिशेब आहे. तुम्ही तपासून द्या."

अण्णांनी चष्मा लावला. हिशेब म्हटल्यावर त्यांच्याने राहवते थोडेच!

ती सांगू लागली. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, आणि कधी कधी त्याचा आतला गाभा आवळून एक लहानसा गोळा उरतो. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे इथून सोलापूरला जायला जेवढी वाट चालावी लागते तेवढाही नाही. असा तारा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखे त्याचे किरण आपल्याला ठरावीक वेळाने दिसतात. हाच स्पंदक. स्पंदकांचे उदरनिर्वाहाचे दोन मार्ग ठाऊक होते. एक, फिरण्याची जी ऊर्जा जन्मतः मिळाली ती हळूहळू खर्चायची. यात फिरणे मंदावत जाते.

"म्हणजे ठेव मोडून खाणे," अण्णा म्हणाले.

"हो. आणि दुसरा मार्ग म्हणजे जवळ एखादा जोडीदार तारा असतो, त्याच्याकडून वायू ओढून घ्यायचा. तो वायू अंगावर पडताना तापतो आणि क्ष-किरण निघतात."

"सासरवाडीच्या जिवावर जगणारा!"

"आता हा आपला तारा पाहा. ८.६९ सेकंदांत एक फेरी. फेरी मंदावते आहे, तेव्हा ठेव मोडते आहे हे खरे. पण ठेवीतून दर सेकंदाला जेवढे निघते, त्याच्या शेकडो पट ऊर्जा हा नुसत्या क्ष-किरणांत उधळतो."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "हा हिशेब जुळणार नाही. मिळकत दमडीची आणि खर्च संस्थानिकाचा. एक तर सासर मातबर असले पाहिजे, नाही तर याने कुठे तरी पुरून ठेवलेले असले पाहिजे."

वाचकहो, जगातल्या शास्त्रज्ञांपुढे नेमके हेच दोन पर्याय होते, आणि अण्णांनी ते कट्ट्यावर बसून पाच मिनिटांत मांडले! पुरलेल्या धनाची कल्पना १९९२ मध्ये डंकन आणि थॉम्सन या दोघांनी पुढे आणली होती. त्यांचे म्हणणे असे, की काही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटात अतिप्रचंड चुंबकीय शक्ती साठलेली असावी आणि ते तीच हळूहळू मोडून खात असावेत. अशा ताऱ्याला त्यांनी 'मॅग्नेटार' असे नाव दिले. परंतु ही कल्पना खरी मानायची तर आधी एक गोष्ट ठरवायला हवी होती: याला सासर आहे की नाही?

जोडीदार असता तर त्याच्याभोवती फिरताना आपला तारा कधी जवळ, कधी लांब गेला असता आणि नाडीचे ठोके थोडे आगेमागे आले असते. तसे काही आढळत नव्हते. पण जोडीदार अगदी लहान असेल किंवा फिरण्याची कक्षा आपल्याला समोरून दिसत असेल, तर ही खूण लपून राहू शकते. तेव्हा खात्रीचा उपाय एकच. त्या जागी प्रत्यक्ष पाहायचे, आणि तेही क्ष-किरणांत नव्हे, तर ज्या उजेडात साधा तारा दिसतो त्या उजेडात.

इथे अवरक्त किरण मदतीला येतात. १८०० साली विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहत होते. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा अधिक चढला. तेच अवरक्त किरण. त्यांचा एक मोठा गुण म्हणजे धुळीतून ते बरेच पार होतात. संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून गाड्यांचा धुरळा उठतो, तेव्हा मावळता सूर्य लाल दिसतो. कारण निळा उजेड धुळीत अडकतो आणि तांबडा निभावून येतो. अवरक्त तर तांबड्याहूनही धीट. शर्मिष्ठेतला आपला तारा आकाशगंगेच्या धुळकट पट्ट्यात, अंदाजे बारा हजार प्रकाशवर्षे लांब. त्याला पाहायला असाच धीट उजेड हवा.

हवाई बेटांवरील मौना केआ या सुमारे ४,२०० मीटर उंच पर्वतावर केक नावाच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा दहा मीटर रुंद, आणि तो ३६ षट्कोनी तुकड्यांचा बनवलेला. त्यांच्या साहाय्याने हुलेमन, व्हान केरक्विक आणि कुलकर्णी या तिघांनी ४यू ०१४२+६१ च्या जागेचा तपास केला, आणि २००० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष जाहीर केला.

कुलकर्णी हे नाव वाचून वाचकांचे कान टवकारले असतील. तसे ते टवकारावेतच. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. बालपण हुबळीला गेले. दिल्लीच्या आय. आय. टी.तून ते अमेरिकेत बर्कलेला गेले, आणि तिथे विद्यार्थी असतानाच १९८२ मध्ये बॅकर आदी सहकाऱ्यांबरोबर सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक शोधण्यात त्यांचा हात होता. २०२४ चे ज्योतिषशास्त्राचे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले. कुरुंदवाडही आमच्या अक्कलकोटासारखेच, मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलणारे गाव.

तर या तिघांना त्या जागी एक ठिपका मिळाला. तो केवढा अंधूक? आपल्या नुसत्या डोळ्यांना अंधुकातला अंधूक जो तारा दिसतो, त्याच्या सुमारे चार कोटीव्या हिश्शाएवढा! आणि त्याचा रंग आजूबाजूच्या कोणत्याही साध्या ताऱ्याशी जुळेना. शेकडो भाविकांच्या रांगेत एकाच माणसाची पगडी निराळ्या धाटणीची असावी, तसा तो ओळखू आला. आता निकाल पाहा. तिथे एखादा सामान्य जोडीदार तारा असता, तर तो याहून पुष्कळ उजळ दिसायला हवा होता. जोडीदाराकडून ओढलेल्या वायूची मोठी तबकडी तिथे फिरत असती, तर तीही उजळ दिसली असती. दोन्ही नाहीत. म्हणजे सासरवाडी नाही!

परंतु अण्णांसारखा हिशेबनीस एका पावतीवर थोडाच समाधान मानतो. "तो ठिपका याचाच कशावरून?" त्यांनी लगेच विचारले. "मघाशी तुम्हीच म्हणालात, नाडी शेजाऱ्याची निघाली. आता दिवाही शेजाऱ्याचा नसेल कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता, आणि तो शास्त्रज्ञांनाही पडलाच होता. २००२ मध्ये केर्न आणि मार्टिन या दोघांनी त्याचे उत्तर दिले. त्यांनी त्या अंधूक ठिपक्याच्या उजेडाचा बारीक बारीक तुकड्यांत हिशेब ठेवला, आणि तो ठिपकाही त्याच ८.६९ सेकंदांच्या तालावर मिणमिणतो आहे असे दाखवले. चेहरा आणि नाडी एकाच देहाची ठरली. यापेक्षा पक्की ओळख कोणती?

शर्मिष्ठेतच या जातीचा दुसरा एक तारा आहे, १ई २२५९+५८६. त्याची नाडी जवळजवळ सात सेकंदांची. जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या 'चंद्र' दुर्बिणीने त्याचा क्ष-किरणांतला पत्ता अगदी दारावरच्या पाटीपर्यंत नेऊन दिला. आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांच्या नावाची ही दुर्बीण. त्या पत्त्यावर २००१ मध्ये केकला अवरक्त किरणांत एक अतिमंद ठिपका दिसला. संशोधकांनी तेव्हा जपूनच लिहिले, की हा 'संभाव्य' आहे. पुढे १८ जून २००२ रोजी त्या ताऱ्याने क्ष-किरणांत एकाएकी उसळी घेतली. काही तासांत ऐंशीहून अधिक स्फोट. तीन दिवसांत अवरक्त किरणांत पाहिले, तर तोच अतिमंद ठिपका सुमारे तिपटीने उजळला होता! मग पुढच्या महिन्यांत क्ष-किरण ओसरत गेले तसा तोही ओसरत गेला. घरातला माणूस रागावला आणि त्याच घराची खिडकी उजळली, तेव्हा ती खिडकी त्याचीच. 'संभाव्य' हा शब्द असा गळून पडला.

तेव्हा अण्णांचा दुसरा पर्याय उरला, पुरलेल्या धनाचा. ते धन किती म्हणाल? पृथ्वीचे चुंबकत्व, ज्यावर होकायंत्राची सुई फिरते, ते साधारण अर्धा गॉस. आणि फिरण्याच्या मंदावण्यावरून मोजले तर ४यू ०१४२+६१ चे चुंबकत्व एक कोटी गुणिले एक कोटी गॉसहूनही थोडे अधिक भरते. हे चुंबकत्व हळूहळू जिरते, त्याने ताऱ्याचे कवच तापते, मधूनच तडकते, आणि ताऱ्याचा संस्थानी खर्च भागतो. आज आपल्या आकाशगंगेत असे तीसच्या आसपास तारे ठाऊक आहेत.

हिशेब मिटला का? पुरता नाही. २००६ मध्ये वँग, चक्रवर्ती आणि कॅप्लन यांनी 'स्पिट्झर' या अवकाशातील अवरक्त दुर्बिणीने पाहिले, तेव्हा ४यू ०१४२+६१ भोवती धुळीचे थंडगार कडे असावे असे त्यांना वाटले. मूळ तारा फुटला तेव्हा उडालेल्या राखेतले काही परत येऊन ताऱ्याभोवती फिरत राहिले असावे, असा त्यांचा तर्क. अवरक्त उजेड त्या कड्याचा किती आणि ताऱ्याच्या चुंबकी वेढ्याचा किती, यावर मतभेद आहेत. खतावणीत एवढी एक रक्कम अजून 'अनामत' खात्याला पडून आहे म्हणायची.

पण पक्का पत्ता हाती आला म्हणजे तो आणखी काय काय देतो पाहा. श्रीहर्ष तेंडुलकर यांनी कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत विद्यार्थी असताना, कॅमेरॉन आणि कुलकर्णी यांच्यासह, हेच अवरक्त ठिपके केक दुर्बिणीने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा टिपले. कशासाठी? तर तारा जागचा हलतो का हे पाहण्यासाठी. १ई २२५९+५८६ वर्षभरात आकाशात किती सरकतो ठाऊक आहे? अक्कलकोटाहून पाहिले तर मुंबईच्या फुटपाथावर पडलेला रुपया जेवढा दिसेल तेवढा! पण तेवढे त्यांनी मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे हा तारा सेकंदाला सुमारे १५७ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि ४यू ०१४२+६१ सुमारे १०२ किलोमीटर वेगाने. हे तारे जन्मतःच जबर लाथ खाऊन सेकंदाला हजार किलोमीटरने सुटत असतील, असे पूर्वी भाकीत होते. ते खोटे ठरले. शिवाय पहिल्या ताऱ्याची वाट उलटी चालत गेले, तर ती 'सीटीबी १०९' या जुन्या स्फोटाच्या ढगातच शिरते. म्हणजे त्याची जन्मखोली सापडली! दुसऱ्याची मात्र अजून सापडलेली नाही. तेंडुलकर पुढे परतले आणि मुंबई-पुण्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले.

आता अण्णांचा मूळ प्रश्न. याने कोणाचे पोट भरले? मी त्यांना एवढेच म्हणालो, "अण्णा, बँकेत तुम्ही जे तीस-पस्तीस वर्षे केलेत तेच ही मंडळी करतात. जमा जुळत नाही म्हणून वही मिटून ठेवत नाहीत, आणि जुळत नाही म्हणून खोटी नोंदही घालत नाहीत. पंचवीस मिनिटांची चूक निघाली ती त्यांनीच काढली, आणि छापून सांगितली. असे हिशेबनीस देशाला थोडे का होईना, पण लागतातच. पगार त्यांनाही मिळतो. बँकेपेक्षा उशिरा सुरू होतो आणि तोवर घराला ओढ सोसावी लागते, हे मात्र खरे. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, हेही वाचकांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सुनेचे म्हणणे वेगळे, मुलाचे वेगळे, आणि मुलीच्या लग्नाचा विषय कोणी ना कोणी काढतेच. पण ती वही त्यांनी परत दिलेली नाही. परवा पाहिले तर 'अनामत' या शब्दाखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती, आणि नातीला विचारत होते, "या रकमेचा खुलासा करायला किती वर्षे लागतील?" ती म्हणाली, "ते मला पुण्याला गेल्याशिवाय कसे सांगता येईल, आजोबा?"

अशी घरे आपल्या ओळखीत पुष्कळ असतील. कदाचित आपलेच असेल. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी सल्ला देणारा कोण? एक विनंती मात्र करतो. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळ झाला, की रात्री नऊ-दहाच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर जा. अमावास्या असते, चंद्राचा अडथळा नाही. उत्तरेकडे तोंड करून क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मधोमध पाहिलेत, तर इंग्रजी एम अक्षरासारख्या मांडलेल्या पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा दिसेल. आपले दोन्ही विचित्र तारे त्याच बाजूला आहेत. फटाक्यांचा धूर नसला तरी ते आपल्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. पण मुलांनी विचारले, की दिसत नाही ते आहे हे कळले कसे, तर आता तुमच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.